दंडावर ठेवलेला हात

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

प्रिय दादा,

प्रभूच्या नावाने सलाम.

इकडे सगळं ठीक आहे. तुमचा गुडघा कसा आहे? जिना चढताना अजून दुखतो असं तुमच्या सूनबाई म्हणाल्या. शेक घेत जा. मी बरा आहे. स्वयंपाकाला एक बाई येतात. त्या मीठ कमी घालतात, मी वरून घेतो. दुकान चालू आहे. हल्ली लोक चष्म्याची फ्रेम घालून बघतात, मोबाइलवर स्वतःचा फोटो काढतात आणि "घरी विचारून सांगतो" म्हणून निघून जातात. तुमच्या बहिणीने अशा गिऱ्हाइकाला गोड बोलून बसवून घेतलं असतं. मला ते जमत नाही.

फोन न करता पत्र का, असं तुम्हाला वाटेल. फोनवर मला बोलता येत नाही. तुम्हीच म्हणायचात, "जावईबापूंना फोन लावला की आपणच दोन्ही बाजूंनी बोलायचं."

परवा दुकानामागची खोली झाडून घेतली. बुधवारची प्रार्थना अजून तिथेच होते. अक्षरांचा तक्ता त्याच भिंतीवर आहे, खाली थोडा पिवळा पडलाय. काच घासायच्या मशीनवर अजून तीच जुनी चादर असते. झाडता झाडता तुमची आठवण आली. तुम्ही बसची ड्युटी संपवून तसेच खाकीत यायचात आणि टोपी माझ्या भिंगांच्या ट्रेवर ठेवायचात. मी ती उचलून खिळ्याला अडकवायचो. पुढच्या बुधवारी टोपी पुन्हा ट्रेवर. तक्त्याकडे बोट दाखवून तुम्ही म्हणायचात, "ज्याला शेवटची ओळ दिसत नाही, त्याने डोळे मिटूनच घ्यावेत." दर वेळी तोच विनोद, आणि दर वेळी तुमची बहीण हसायची. गाणं सुरू करायचं कामही तिचंच होतं. सूर कुठला लागेल याचा नेम नसायचा, पण बाकी कुणी आधी तोंड उघडायला तयार नसे.

सुतारकाका आठवतात ना? त्यांची प्रार्थना सुरू झाली की चहा गार. "यांना आमेन म्हणायला मुहूर्त लागतो," असं तुम्ही डोळे मिटलेले असतानाच कुजबुजायचात. आणि एका बुधवारी त्याच सुतारकाकांचा नंबर आला आणि त्यांना शब्दच फुटेना. कारखान्यातून त्यांना काढलं होतं, हे आपल्याला नंतर कळलं. शेवटी शेजारी बसलेल्या तुमच्या दंडावर त्यांनी हात ठेवला. तुम्ही काही विचारलं नाही. आधी त्यांच्या वाटची प्रार्थना केलीत, मग स्वतःची.

तेव्हापासून आपल्या खोलीत ती रीतच पडली. ज्याला जमत नसेल त्याने शेजारच्याच्या दंडावर हात ठेवायचा. शेजारच्याने दोघांची करायची. का म्हणून कुणी विचारायचं नाही. पाळकसाहेबांनी एकदा याचा अर्थ विचारला तेव्हा तुम्ही ड्रायव्हरसारखंच उत्तर दिलंत. "गाडी बंद पडली की उतारू उतरून ढकलतात. गाडीला कुणी रागवत नाही."

तुम्ही मुलाकडे राहायला गेलात त्यानंतरही ही रीत चालू राहिली. मीच कितीतरी वेळा तुमच्या बहिणीच्या दंडावर हात ठेवला असेल. मी मुळात कमी बोलणारा, त्यामुळे ती चेष्टाही करायची. "तुमचं जमत नाही की तुम्हाला कंटाळा येतोय, हे देवाला तरी खरं सांगा."

ती गेल्यावर मात्र एक गोष्ट झाली. कुणाचं चुकलं असं मी म्हणणार नाही. सगळ्यांनी प्रेमानेच केलं. मला त्रास नको म्हणून त्यांनी माझी खुर्ची दाराजवळ, अगदी शेवटी ठेवली. माझा नंबर यायच्या आत गणिताच्या बाई समारोपाचं गाणं सुरू करायच्या. माझ्या शेजारची तिची खुर्ची रिकामी ठेवायचे. मला काही करायला लागू नये आणि कुणी माझ्याकडे काही मागू नये, असं सगळं त्यांनी बेतलं होतं. चहा मात्र मला पहिला मिळायचा. आजाऱ्याला पथ्यावर ठेवतात तसं. माझ्याच दुकानात मी गिऱ्हाइकासारखा बसायला लागलो.

दादा, खरं सांगायचं तर मी घरीही प्रार्थना करत नव्हतो. जेवायच्या आधी डोकं खाली घालायचो, पण आत काही नसायचं. रविवारी ख्रिस्तमंदिरात जायचो ते लोक घरी चौकशीला येऊ नयेत म्हणून. गेल्या महिन्यात तर मी ठरवलंच होतं. बुधवारी सगळ्यांना सांगायचं, की खोली मला सामानाला लागते आहे, तुम्ही दुसरीकडे बघा.

त्या बुधवारी नर्सबाई आल्या. त्या बरेच दिवस लेकीकडे होत्या. त्यांना नवी मांडणी माहीत नव्हती. आल्या त्या सरळ माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसल्या. गणिताच्या बाई म्हणाल्या, "अहो, तिथे नको, इकडे या." नर्सबाई म्हणाल्या, "का? ओली आहे का खुर्ची?"

त्याच सकाळी मी त्यांचे डोळे तपासले होते. भिंगं बदलून बदलून पाहिली. शेवटी मला सांगावं लागलं, की चष्म्याने आता फरक पडणार नाही, मोठ्या डॉक्टरांकडे जा. त्या "बरं" म्हणाल्या आणि पर्समध्ये रुमाल शोधत राहिल्या. रुमाल त्यांच्या हातातच होता.

त्यांचा नंबर आला. मग माझ्या दंडावर त्यांचा हात आला.

खोलीत सगळ्यांचे डोळे उघडले असणार, मला न बघता कळलं. गणिताच्या बाई खाकरल्या, म्हणजे त्या माझ्याऐवजी करायला तयार होत्या. पण हात माझ्या दंडावर होता. आणि नर्सबाईंना कशाची भीती वाटते आहे हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं.

मी म्हणालो, "प्रभू, बाईंना भीती वाटते आहे. मलाही वाटते. तू इथून जाऊ नकोस. आमेन."

सुतारकाका एवढ्या मोठ्याने आमेन म्हणाले की समोरच्या दुकानातला शिंपी बघायला आला.

चहाच्या वेळी नर्सबाई म्हणाल्या, "फारच छोटी केलीत."

मी म्हटलं, "तेवढीच होती माझ्याकडे."

"पुरली हो," म्हणाल्या, आणि बशीत ओतून चहा प्यायल्या.

त्या दिवसापासून मी घरी पुन्हा बोलायला लागलो आहे. थोडंच. पण आत कुणीतरी ऐकतं आहे असं वाटतं. इतके महिने सगळ्यांनी मला सांभाळलं त्याने जे झालं नाही, ते कुणीतरी माझ्याकडे मागितल्याने झालं. याचा अर्थ मला नीट सांगता येत नाही. तुम्हाला येईल.

आता जे लिहायला बसलो होतो ते लिहितो.

दफनाच्या दिवशी पाळकसाहेबांनी घरच्यांपैकी कुणीतरी प्रार्थना करावी असं म्हटलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी तुमच्या दंडावर हात ठेवला. तुम्ही माझा हात हळूच बाजूला केलात आणि फाटकाकडे चालायला लागलात. संध्याकाळच्या गाडीने गेलातही. तेव्हापासून तुमचं पत्र नाही आणि माझंही नाही.

मला तुमचा राग आला होता, दादा. ज्याने ही रीत घातली त्यानेच मोडली, असं मी मनात पुष्कळ वेळा म्हणालो.

नर्सबाईंचा हात दंडावर आला तेव्हा मला तो दिवस पुन्हा दिसला. मी तुमच्या डावीकडे होतो. तुमच्या उजवीकडे कुणीच नव्हतं. नुसता मातीचा ढीग होता. खाली तुमची धाकटी बहीण, जिला तुम्ही सायकलवर पुढे बसवून शाळेत सोडायचात. माझ्यासाठी तुमचा दंड होता. तुम्ही कुणाच्या दंडावर हात ठेवायचा होता? हे मला त्या दिवशी सुचायला हवं होतं. तुम्ही तेव्हा माझ्याकडे मागितलं असतंत तरी मी ढकलायला उतरलो असतो असं म्हणवत नाही, पण निदान तुमच्याबरोबर फाटकापर्यंत तरी आलो असतो.

सूनबाईंनी मला सगळं सांगितलं आहे. त्यांच्यावर रागवू नका. तुम्ही मंदिरात जात नाही, पवित्र शास्त्र कपाटावर टाकलं आहे, पाळक घरी आले तर झोपल्याचं सांगता. "ऐन चढावर माझीच गाडी बंद पडली, आता कोणत्या तोंडाने जाऊ," असं तुम्ही म्हणता. दादा, इतरांच्या गाडीला कधी न रागावणारा माणूस स्वतःच्या गाडीला इतक्या शिव्या कशाला देतो?

मी पुढच्या शनिवारी, पंधरा तारखेला, दुपारच्या बसने येतो आहे. दुकान दोन-चार दिवस बंद ठेवलं तर कुणी आंधळं होत नाही. सूनबाईंना सांगा, जेवणाचं काही खास करू नका. मी तुम्हाला काही म्हणायला लावणार नाही. मंदिरात चला असंही म्हणणार नाही. तुम्ही जिथे बसत असाल तिथे, तुमच्या उजव्या बाजूला मी खुर्ची घेऊन बसेन. बोलायला मला अजूनही येत नाही, पण छोटी प्रार्थना येते, आणि ती दोघांना पुरते असं मला कळलं आहे.

मी येईन तेव्हा झोपल्याचं सांगू नका.

तुमच्या शेजारचा,
जावईबापू