माझ्या जागी आलेली मुलगी

आई, पोलंडमधल्या एका बसड्रायव्हरचं पत्र आलंय, आणि त्यानं मला विचारलंय की माझ्यानंतर संघात माझ्या जागी जी मुलगी आली, ती आता कुठे असते. तुला हसू येईल. मलाही आधी आलं.

झालं असं की तुझ्या नातीनं माझा बास्केटबॉलचा एक जुना फोटो मोबाईलवरून जगाला दाखवला, आणि तो या गृहस्थाच्या नजरेला पडला. त्याला खेळाडूंची कार्डं जमवायचा नाद आहे. पत्त्यांच्या पानाएवढं कार्ड, पुढे खेळाडूचा फोटो, मागे त्याची कारकीर्द. तिकडे मोठ्या खेळाडूंची अशी कार्डं कंपन्या छापतात, आणि त्यावर खेळाडूची सही मिळाली की जमवणाऱ्याला स्वर्ग दोन बोटं उरतो. हा गडी मात्र ज्यांची कार्डं कुणी कधी छापली नाहीत, अशांची स्वतः पदरमोड करून छापतो आणि पोस्टानं सहीला पाठवतो. माझं कार्ड सुरेख केलंय त्यानं. दोन वेण्या, सात नंबरची जर्सी, डाव्या हातात बॉल. मागे माझी उंची, जिल्हा, राज्य, देशाकडून खेळलेले सामने, आणि मग एकदम काहीच नाही. पत्रात विचारतो, "यानंतर तुमचं नाव कुठेच सापडत नाही. दुखापत झाली होती का?" आणि पुढे लिहितो की संघाचं नशीब थोर, कारण पुढच्याच वर्षी तुमच्या जागी तितकीच चांगली खेळाडू मिळाली. तीही डावखुरी, तिचाही नंबर सात, उंचीसुद्धा तेवढीच, योगायोग बघा. तिचंही कार्ड केलंय, सोबत पाठवतो, पत्ता माहीत असेल तर कृपया पोचवा.

ते दुसरं कार्ड मी उलटंसुलटं करून पाहिलं. केसांचा अंबाडा, गळ्यात काही दिसू नये म्हणून मानेशी चिकटपट्टी. ती चिकटपट्टी तूच लावली होतीस, आई. मंगळसूत्र काढायचं नाही आणि पंचांना दिसायचंही नाही, यावर तुझा तो उपाय.

बिचाऱ्याला काय ठाऊक, आपल्याकडे दुखापत न होता मुलगी नाहीशी होते ते. लग्नात ताटात तांदूळ पसरले आणि त्यावर अंगठीनं माझं नवं नाव लिहिलं गेलं. कारण तर किती साधं! सासरी माझ्याच नावाची नणंद होती, हाक मारली की दोघी धावून येतील. दोघींपैकी एकीनं बदलायला हवं होतं, आणि बदलायला मीच तर आले होते. सासरच्यांनी खेळू दिलं, नोकरी करू दिली, त्यांच्या नावानं बोटं मोडायचं मला कारण नाही. कुणी विचारलं तर मी म्हणायची, नावात काय ठेवलंय, बास्केट झाल्याशी मतलब. आई, ते खोटं होतं. मला फार वाईट वाटलं होतं.

पंचवटीतल्या आपल्या घराची गच्ची डोळ्यांसमोर येते. तू धोतरावर कुरडया घालून खाली स्वयंपाकघरात जातेस, आणि माझा बॉल बरोब्बर त्यांच्यावर पडतो. तू झारा हातात घेऊनच वर येतेस. "एवढं मैदानावर जाते, तिथं नेम नाही लागत, माझ्या कुरडयांवर बरा लागतो!" आणि माझं नाव घेतेस, शेवटचं अक्षर ताणून, शेजारच्या चार घरांना ऐकू जाईल असं. मग काही दिवसांनी फुटक्या पिंपाचं कडं लोहाराकडून नीट करून आणलंस आणि जिन्याच्या भिंतीवर ठोकून घेतलंस. "आता यात टाक." बास्केटबॉल म्हणजे नेमकं काय, हे तुला शेवटपर्यंत समजलं नाही, तरी माझी पहिली रिंग तूच दिलीस.

आणि मग तो सामना, लग्नानंतर नाशकातला माझा पहिला. तू पायऱ्यांवर डबा मांडीवर घेऊन बसली आहेस. लाऊडस्पीकरवर माझं नवं नाव पुकारतायत, पुन्हा पुन्हा, कारण त्या दिवशी माझा हात चालला होता. सामना संपल्यावर मी घामाघूम तुझ्याकडे आले, तर तू डब्याचं झाकण पुसत म्हणालीस, "ती कोण गं, जिचं नाव सारखं घेत होते? बरी खेळते हो पोरगी." आमचे सर खो खो हसले. मीही हसले. तू हसलीस का, हे आठवायचा मी आठवडाभर प्रयत्न करतेय. ती थट्टा होती, की टोमणा, की तुला खरंच कळलं नव्हतं? तांदळाच्या त्या ताटाशी तू अगदी शेजारी बसली होतीस. एका शब्दानं अडवलं नाहीस. का नाही अडवलंस?

पहिल्या कार्डावर सही करायची तर हात वळेना. जुन्या नावाची सही माझ्या हातातून गेलीच आहे. वर्तमानपत्राच्या कडेला गिरवत बसले, तर लेक म्हणाली, "आई, पहिलीतल्या मुलीसारखं अक्षर काढतेयस." तिनं लग्नात नाव बदललं नाही. तिला कुणी विचारलंसुद्धा नाही. तीच सहज म्हणाली, "आजीचं लग्नाआधीचं नाव काय होतं गं?"

मी सटाण्याला मामाला फोन लावला. तुझ्या भावंडांत आता तोच उरलाय. मागे कांदा निवडणाऱ्या बायकांचा गलका चालू होता. तो म्हणाला, "आम्ही ते तिले अक्काच म्हनूत, व माय. नाव काय व्हतं, याद नही शे." मग मलाच सुचवतो, "रेशनकार्डवर व्हई ना!" त्याला कसं सांगू, रेशनकार्डावरचं नाव आमच्या आजीनं, म्हणजे तुझ्या सासूनं ठेवलेलं, तू उंबरठ्यावरचं माप ओलांडून आलीस त्या दिवशी.

म्हणजे अडवणार कशी होतीस? तुला ती रीतच वाटली असेल. की त्या पायऱ्यांवर बसून तू, जे स्वतःसाठी कधी विचारता आलं नाही, ते माझ्यासाठी विचारलंस, सगळ्यांसमोर, थट्टेच्या आवाजात? मला हे जाणून घ्यायचंय, आणि सांगणारं कुणी नाही.

दोन्ही कार्डांवर सह्या केल्या आज. बसड्रायव्हरला लिहिलं की बाबा रे, दुखापत झाली नाही, ती दुसरी मुलगीही मीच, दोन्ही कार्डं एकाच कप्प्यात ठेव. तो वेडा आता आणखी कुणाकुणाला शोधत बसेल कोण जाणे.

त्याचं पाकीट उद्या टपालात पडेल. या पत्राला पत्ता नाही. खरं सांगू का, हे पत्र मी 'आई' म्हणून सुरू केलं ते सवयीनं नाही. लेकीनं विचारल्यापासून मला ते तुझ्या नावानं सुरू करायचं होतं, तुझ्या आईनं तुला ज्या नावानं हाक मारली असेल त्या. ते मला माहीत नाही. तू समोर होतीस तोवर विचारायचं कधी सुचलंच नाही.