फोटोपुरता तास

ठाकुर्ली,
रविवार, ९ मार्च २०२५

मेघना,

जय भीम. घरी सगळे बरे असतील. तुझ्या बाबांची कंबर कशी आहे? इकडे आमचे बाबा ठीक आहेत. प्रियांकाची आठवीची चाचणी चालू आहे. दुकानात जयंतीच्या बॅनरची कामं आतापासूनच आलीत. तू मला ब्लॉक केलंयस म्हणून कागदावर लिहितोय. कॉलेज सोडल्यापासून हाताने सहीपलीकडे काही लिहिलेलं नाही, तेव्हा अक्षर सांभाळून घे.

शुक्रवारी तुझ्या शाळेचे शिपाई रघुकाका भेटलेले. म्हणाले, "मॅडमचं कंत्राट संपवलं रे. जाताना वर्गातपण नाही गेल्या." मी विचारलं, मोठ्या बाईंचं काय? तर हसले. "त्यांचं काय व्हायचंय? चौकशी त्यांनीच केली."

तू पहिल्यांदा दुकानात आलेलीस ते आठवतं? गेल्या जुलैत. "सहा बाय तीन, उद्या सकाळी पाहिजे." मजकूर तूच वाचून दाखवलास, किशोरवयीन मुलींसाठी आरोग्य शिक्षण, शासनाच्या नियमानुसार. मी म्हटलं, "मॅडम, तासाला बॅनर कशाला लागतो?" तू म्हणालीस, "तासाला नाही लागत, फोटोला लागतो." किती हसलेलो आपण. तिथेच मी कामातून गेलो.

पुढे कळव्याला चहा पिताना तू सगळं सांगितलंस. नियमात दर आठवड्याला एक तास आहे, त्यासाठी तुला आरोग्यदूत नेमलंय, ट्रेनिंगला बसवलंय. पण मोठ्या बाई म्हणायच्या, "मेघना, चार मुलींना बॅनर धरायला उभं कर, फोटो पोर्टलवर टाक, रजिस्टरला सही कर. बाकीचं त्यांच्या आया सांगतात घरी." वर सर्व्हे तुलाच, पोर्टल तुलाच. तुला ते लागत होतं, मला दिसत होतं. आणि मी काय बोललो? "टेन्शन नको घेऊस, सरकारी कामं अशीच चालतात."

हे वाक्य माझ्या तक्रारीत कुठेच नाही.

जानेवारीत काय झालं ते तुला अर्धंच माहीत आहे. प्रियांका शेजारच्या शांताबाईंच्या दारात चक्कर येऊन पडली. कित्येक दिवस नीट जेवलीच नव्हती. शांताबाईंनी आत नेऊन विचारलं, तेव्हा म्हणाली, "आजी, मला आईचं झालंय."

आईला गर्भाशयाचा कॅन्सर होता. शेवटी शेवटी रक्त थांबायचं नाही, ते पोरीने सगळं बघितलेलं. आणि हिला दिवाळीपासून पाळी येत होती. बस, एवढंच होतं. तीन महिने ती मरायची वाट बघत होती, मेघना. कंपासपेटी मैत्रिणीला देऊन टाकलेली. शांताबाईंना म्हणाली, "दादाला नका सांगू. आईच्या वेळी त्याने कॉलेज सोडलं. आता माझ्यासाठी काय सोडेल?"

मी सगळ्यांना सांगत फिरतो की क्लार्कशी भांडून कॉलेज सोडलं. हिला खरं माहीत होतं.

माझं डोकं फिरलं. तसाच शाळेत गेलो. तू त्या दिवशी सर्व्हेला गेलेलीस. मोठ्या बाईंच्या टेबलावर हात आपटला. त्या शांत. "आवाज खाली. तास झालेला आहे, हे बघा." रजिस्टर उघडलं, फोटो दाखवला. बॅनरचं डावं टोक प्रियांकाने धरलेलं. हसत होती. खाली सही.

सही तुझी आहे हे मला दिसलं. उगाच खोटं कशाला बोलू? त्या पानाचा फोटो काढला आणि तक्रारीला जोडून शिक्षण विभागात देऊन आलो. वाटलेलं मोठ्या बाई अडकतील, तुझ्याकडून त्यांनीच करून घेतलं हे कुणीही ओळखेल. पण ओळखायला बसलं कोण? कागदावर ज्याचं नाव, त्याची मान. तू फोनवर रडली नाहीस, एवढंच म्हणालीस, "रत्नदीप, जायच्या आधी मला एक फोन केला असतास ना रे." मग फोन ठेवलास.

शुक्रवारीच परत विभागात गेलो. म्हटलं, तक्रार मागे घेतो. क्लार्क म्हणाला, "घे की. पण मॅडमच्या नावावरचा शेरा निघत नाही." म्हणजे तुला दुसरी पालिका शाळापण घेणार नाही. एवढी टीईटी काढलीस तू, कळव्याच्या त्या दीड खोलीत, गॅलरीत बसून.

आता जे लिहायचं टाळतोय ते लिहितो.

दिवाळीच्या सुट्टीत सकाळी मोरीत गेलेलो. बादलीत प्रियांकाचा फ्रॉक भिजत घातलेला. पाणी लाल होतं. मला कळलं, मेघना. बावीस वर्षांचा घोडा मी, कळणार नाही? बादली तशीच ठेवली आणि नाक्यावर निघून गेलो. संध्याकाळपर्यंत घरीच आलो नाही, लाज वाटत होती. मनाशी म्हटलं, शाळेत सांगत असतील.

शाळेत काय सांगतात ते मला माहीत होतं. बॅनर मीच छापलेला.

शांताबाईंना सांगायचं तरी सुचायला हवं होतं. दोन दारं सोडून राहतात त्या. त्यानंतर प्रियांका रोज माझ्यासमोर ताट सारून उठायची आणि मी मोबाइल बघत बसायचो. दुकानात टाइप केलेल्या तक्रारीत मात्र ठणकावून लिहिलं, "या मुलीला वेळेवर कोणी एक शब्द सांगितला असता तर." ते वाचून विभागातली बाई म्हणालेली, किती काळजी आहे हो भावाला.

प्रियांका विचारते, मेघना मॅडम कधी येणार. अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर म्हणेल, माझ्यामुळे गेल्या.

माफी मागत नाही. मागून तुझी नोकरी येत असती तर तुझ्या दारात बसून राहिलो असतो. हे पत्र फाडू नकोस. वाटलं तर विभागात दाखव. तास होत नाहीत हे तक्रार करणाऱ्याला आधीपासून माहीत होतं, घरात काय चाललंय तेही माहीत होतं आणि तो गप्प बसला, असं त्याने स्वतःच्या हाताने लिहून दिलंय. शेरा याने पुसला जाणार नाही बहुतेक. तरी ठेव.

खाली "तुझाच" लिहायला घेतलेलं. हात पुढे गेला नाही. पूर्ण नाव लिहितो, कागदाला तेच लागतं.

रत्नदीप भगवान साळवे
तक्रारदार