काचेतला पिंपळ

पुसद, ६ फेब्रु. १९६१
आज पुन्हा एक हरियल, ते हिरवं रानकबुतर. शाळेच्या नव्या हॉलच्या मोठ्या काचेखाली, मान मोडलेली, चोचीत पिंपळाचं फळ तसंच. पिवळे पाय अजून गरम होते. सातवीच्या पोरी गोळा झाल्या, तास बुडाला.
आवारातला पिंपळ फळांनी लगडलाय आणि काचेत तो फांद्यांसकट दिसतो. पाखरं त्या दुसऱ्या पिंपळावर बसायला जातात.
रंगारी होते तोवर काचांवर चुन्याचे शिंतोडे होते. तेव्हा एकही पडलं नाही. चपराशाने घासून लख्ख केल्या, तेव्हापासून सुरू. हे मला आज सुचतंय. चुन्याचे पट्टे ओढले की झालं. उद्या हेडमास्तरांना सांगते.

८ फेब्रु.
हे. मा. म्हणाले, "जूनमध्ये कायम व्हायचं आहे ना बाई? मग पाखरांचं राहू द्या." हसत म्हणाले, पण...
काचा संस्थेचे अध्यक्ष भाऊसाहेब यांनी वडिलांच्या नावाने दिल्या. मुंबईहून आणवल्या. होळीनंतर उद्घाटन.
शिवणाच्या सुमनबाई: "तुमी बी. ए. कायच्यात केलं व, कबुतरात?" मीही हसले. दुपारी आणखी एक पडलं.

१३ फेब्रु.
भाऊसाहेब शाळेत आले. धीर करून थेट सांगितलं.  त्यांनी शांतपणे ऐकलं. वाटलं, पटलं.
"बाई म्हणते ते खरं हाये. पाव्हण्यायपुढं मेलेलं पाखरू पडणं बरं नाही दिसत." मग चपराशाकडे वळून, "पिंपळ काढून टाका."
 हे मी काय करून बसले.

१६ फेब्रु.
लाकूडतोडे आले तसे परत गेले. झाडावर मुंजा आहे म्हणे, कुऱ्हाड लावली तर घरातलं माणूस जातं. सुटल्यासारखं वाटलं. पोरींना भूत नसतं म्हणून शिकवणारी मी, आज मुंजाच्या भरवशावर.

१८ फेब्रु., शनिवार
भाऊसाहेबांनी ऑफिसात बोलावलं. हे. मा. होतेच.
"तुमचे वडील वखारीच्या टालीवर लाकडं फोडतात नं? तुमी लोकायनं बुद्धाची दीक्षा घेतली, देव-भूत सोडलं. मंग तुमाले मुंजाचं काय भेव? पुढच्या रविवारी पाठवा त्यायले. तुमचं जूनचं मी पाहतो."
म्हटलं, काचेला चुना लावला तर झाड तोडायची गरजच नाही.
ते हे. मां.ना म्हणाले, "आता समजलं. हे पाखराचं नाही. पिंपळ म्हंजे या लोकायचा बोधिवृक्ष हाये."
 पाखरांचंच होतं. आता झाडाचंही आहे. दोन्ही खरं, तरी तिथे उभी असताना चोरी पकडल्यासारखं वाटलं. चीड येते.

१९ फेब्रु.
घरी बोलणार नव्हते. पण चपराशाने आधीच निरोप पोचवला होता.
आई: "त्या झाडाची पानं आपुन बुद्धाच्या फोटोपुढं ठेवतो. त्यालेच कुऱ्हाड?"
बाबा जेवत होते. "बुद्ध काय झाडात बसून राह्यला? पोरीची नोकरी पक्की होऊन राह्यली. तोडतो मी."
"बाबा, अशी नको मला."
"तुले नको. तुह्या मांगच्या दोघीले शिकाचं हाये, त्याहीले पाह्यजे."
दोघी बहिणी चुलीपाशी भाकरी थापत होत्या. बाबांनी आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला भांडता तरी आलं असतं.

२३ फेब्रु.
बाबा कुऱ्हाडीला धार लावताहेत. त्या आवाजात वाचन होत नाही.
शाळेत आज राघू आपटला, जिवंत होता. पोरींनी पाणी पाजलं, उडाला. एक म्हणाली, "बाई, झाड तोडल्यावर हे कुठी जातीन?" पाहू म्हटलं. काय पाहू?

२५ फेब्रु., शनिवार
शाळा सुटल्यावर थांबले. चुन्याची बादली, आईचा कुंचा. चार-चार बोटांवर उभे पट्टे ओढायला घेतले.
सुमनबाई दारात. "नोकरी जाईन व तुमची."
"माहीत आहे."
आत येऊन त्यांनी बादलीत डोकावलं. मग, "वरपर्यंत हात कसा पुरन? थांबा, टेबल आणू." आणलं, आणि शेवटपर्यंत धरून उभ्या राहिल्या. 

२६ फेब्रु., रविवार
सकाळ. शाळेच्या पायरीवर बसून लिहिते आहे. घरी राहवेना.
बाबा कुऱ्हाड घेऊन आले. काचेपुढे उभे राहिले.
"हे तुनं केलं?"
"हो."
"नोकरी गेली तं?"
"जाईल कदाचित."
पिंपळाच्या बुंध्याशी जाऊन बसले. कुऱ्हाड मांडीवर. बिडी पेटवली.
हरियलांचा थवा उतरला. एक काचेकडे सुटलं, पट्ट्यांपुढून वळलं, परत फांदीवर. एका पाखराने काय सिद्ध होतं? बाबांनी पाहिलं की नाही, कळलं नाही.
"येऊ दे भाऊसाहेबाले," एवढंच म्हणाले. कशासाठी, ते विचारवलं नाही.
फाटकाशी जीप थांबली. भाऊसाहेब काचेकडे बघतच उतरताहेत. मलाही उठायला हवं. कुऱ्हाड खाली ठेवून बाबा माझ्या आधी उभे राहिलेत, पिंपळाला पाठ लावून.