पालीची फळी

उत्रोली, ता. भोर
८ डिसेंबर २०२४

चि. शिवानी,

आईचा आशीर्वाद. मी बरी आहे. भात झोडून झालं, यंदा पोचट जास्त निघालं. तुझी शेफाली शाळेत रमली असेल.

मी फळ्या पुन्हा काढल्या आहेत. जत्रेत पाळण्याशेजारी असायच्या त्याच, पिनबॉलच्या. स्प्रिंगची दांडी ओढली की गोळी खिळ्यांत ठेचकाळत खाली येते आणि आकड्याच्या घरात पडते. जत्रेवाले त्या टाकायला लागले तेव्हा मी जमवायला लागले. तुझे अण्णा म्हणायचे, "लोकं देव पुजत्यात, आमची बाई जुगार पुजती." मी पहिली अक्षरं लावली तीही या फळ्यांवरचीच. 'पुन्हा खेळा'. 'गोळी बाद'.

अण्णा गेल्यापासून तीन वर्षं त्या गोठ्याच्या माळ्यावर होत्या. बघवत नव्हत्या. दिवाळीआधी शेजारच्या पारूबाईला म्हटलं, चुलीला ने. दोन तिनं नेल्या. तिसरी गोणपाटात बांधलेली होती, पाली गावाहून आणलेली. मी कधी उघडलीच नव्हती. पारूबाईनं सुतळी सोडली आणि दांडी ओढली. गोळी फिरत फिरत खाली आली.

"आगं बया. आजून एक डाव, बनाबाई."

"तुजी डाळ लागंल खाली."

"लागू दे. रोजच खातो की डाळ."

ती गेल्यावर मी रॉकेलनं स्प्रिंग पुसली. ताटात पाणी घेऊन फळीचा तोल बघितला. मोठ्या बक्षिसाच्या घरावरचे दोन खिळे मालकानं वाकवून ठेवले होते, गोळी आत जाऊ नये म्हणून. ते सरळ करायचे नाहीत, हा माझा नियम आहे. त्या दिवशी मी जेवायचं विसरले. मला बरं वाटलं, शिवानी. आणि मग बसवेना.

कारण ही फळी मी अण्णा गेले त्याच दिवशी आणली होती.

तुला सांगितलं होतं की मी रानात होते. मी रानात नव्हते. नसरापूरला एसटी बदलून पालीला गेनबा पाळणेवाल्याकडे गेले होते. सकाळी अण्णा छाती चोळत होते. म्हणाले, "पित्त हाय. तू जा, न्हाईतर जाळून टाकंल तो." गेनबाचा फोन येणार होता म्हणून घरातला एकुलता एक मोबाईल मी नेला.

तुझे दोन्ही फोन मला दिसले. मी खिळे मोजत होते. म्हटलं, घरी जाऊन करीन.

घरी आले तर अण्णा गेलेले. मोबाईल त्यांच्या उशाशी मी ठेवला, माणसं यायच्या आधी.

दहाव्याला तू म्हणालीस, "मी तिसऱ्यांदा फोन केला असता तर अण्णा उठले असते." मी तुझ्या पाठीवरून नुसता हात फिरवला. तू माहेरी येईनाशी झालीस. गाव म्हणतं, लेक आईवर रुसली. तू स्वतःवरच रुसलीस, ते मला ठाऊक होतं. तुला झोपेच्या गोळ्या लागतात, हे जावयांनी सांगितलं, तरी मी तोंड उघडलं नाही.

फळ्या मी आता सोडणार नाही, उगाच खोटं कशाला लिहू. पण तुझ्या जिवावर मला ते सुख नको. तू दहा फोन केले असतेस तरी अण्णांना ऐकू गेले नसते.

माझं तोंड बघू नये वाटलं तर नको बघू. ते मी सोसेन. तू मात्र आजपासून नीट झोप.

माफी मागायला जागा न ठेवलेली,
तुझी आई