मामाजींची शाईची गाय

प्रिय मामाजी,

सासऱ्याला 'प्रिय' लिहिणारी सून पाहून तुम्ही आधी पोटभर हसला असता. हसा! पण पत्र पुरतं वाचा, कारण मला तुमच्यापुढे दोन गुन्हे कबूल करायचे आहेत. एक म्हणजे मी तुमच्या गाईचे केस कापले. दुसरा त्याहून जुना आहे आणि त्याला जरा धीर लागतो, म्हणून तो पुढे सांगते.

उद्या तुमचं वर्षश्राद्ध. सकाळपासून घर पाहुण्यांनी भरेल आणि तुमच्या फोटोपुढे मला दोन मिनिटं कोणी एकटं उभं राहू देणार नाही. शिवाय आज कळमन्याच्या बाजारात जे झालं, ते दुसऱ्या कोणी सांगण्याआधी मीच तुमच्या कानावर घालणार आहे.

हे पत्र कधीतरी तुमच्या नातीच्या, प्रांजूच्या हाती लागेल आणि ती ते आपल्या मैत्रिणींना वाचून दाखवेल. त्या पोरींचा गोंधळ नको, म्हणून गाय कोण ते आधी लिहून ठेवते.

मिरचीच्या पोत्यांवर मार्का मारणं हे तुमचं काम. कोणाचा माल, कितवा लॉट, कोणत्या गावाला जाणार, हे साच्यावरून काळ्या शाईनं पोत्यावर उमटवायचं. बाकीचे मार्कावाले एका हातात शाईचा डबा आणि दुसऱ्या हातात ब्रश घेऊन फिरत. बुडवायचा, निथळायचा, मारायचा, परत बुडवायचा. अर्धी शाई पोत्यावर, अर्धी चपलेवर! एकदा हमालाचा धक्का लागून तुमचा डबा सांडला आणि तुम्ही घरी येऊन काहीतरी जोडत बसलात. जाड केसांचा गोल ब्रश, त्याला लाकडाची मूठ, मुठीवर उलटी बांधलेली प्लास्टिकची बाटली, बाटलीतून ब्रशच्या मुळाशी उतरणारी रबरी नळी, आणि नळीला चावून बसलेला कपडे वाळत घालायचा चिमटा. अंगठ्यानं चिमटा दाबला की नळी मोकळी होते आणि शाई खाली येते. सोडला की बंद.

पहिल्यांदा शाई उतरली तेव्हा तुम्ही ओरडलात, "पान्हवली वं, मंदा! गाय पान्हवली!" तेव्हापासून ती गाय. अख्खा बाजार तिला त्याच नावानं ओळखायचा, आणि तुम्हाला पेंटरबाबा म्हणून.

मी लग्न होऊन आले तेव्हापासूनच साचे कापायचं काम माझ्याकडे होतं. जुन्या एक्स-रेच्या फिल्मवर अक्षरं कोरायची. माझ्या साच्यांना तुम्ही कधी नाव ठेवलं नाही. पण गाईला हात लावू दिला का? किती वेळा विचारलं मी!

"मामाजी, मले गाय धरणं शिकवा ना."

"काहून वं? मंग साचे कोण कापीन?"

"दोन्ही करीन."

"नाई जमायचं तुले. ते माह्या हातची आहे. दुसऱ्याले दूध नाई देत."

आणि एकदा तुमचा जेवणाचा डबा घेऊन बाजारात आले असताना तुम्ही चहाला गेलात, तेवढ्यात मी एका पोत्यावर मार्का मारून पाहिला. शाईचा नुसता गोळा झाला. तुम्ही परत आलात, पोत्याकडे पाहिलं, हमालाला हाक मारून ते फिरवून घेतलं आणि कोऱ्या बाजूवर नवा मार्का मारलात. बस! एक शब्द नाही. तेव्हा मला वाटलं, किती मोठ्या मनाचा सासरा मिळाला. आता मात्र तुमचा राग येतो. मामाजी, त्या दिवशी मला चार शिव्या घालून काय चुकलं ते सांगायला हवं होतं. पोतं फिरवून तुम्ही माझी अब्रू राखली, पण धडा तुमच्यापाशीच राहिला.

आता दवाखान्याचं लिहिते.

छातीची फिल्म आली तेव्हा डॉक्टर गंभीर तोंड करून उभे होते आणि तुम्ही ती फिल्म बोटांनी दाबून पाहत होतात. "फेकू नको वं. जाड आहे. हैदराबादचा मोठा साचा निघते यातून." डॉक्टरांना काही कळेना. मला हसू येत होतं आणि रडूही येत होतं.

आणि मग ती संध्याकाळ. दिवसभर तुम्ही डोळे उघडले नव्हते. एकदम उघडलेत आणि विचारलंत, "गाय धुतली का वं?"

सिस्टर म्हणाली, "आजोबांकडे गाय आहे का? कोणी पाहते की नाई तिले?"

मी म्हटलं, "हाव मामाजी, धुतली."

हा माझा जुना गुन्हा. मी खोटं बोलले. तीन दिवस मी तुमच्या खाटेजवळून हलले नव्हते, गाय घरी खुंटीला होती आणि तुम्हाला दवाखान्यात आणलं त्या दिवसाची अर्धी शाई तिच्या बाटलीत तशीच होती. तुम्हाला बरं वाटावं म्हणून बोलले. तुम्हाला वाटलंही. तुम्ही मान हलवलीत आणि झोपलात. दुसऱ्या दुपारी तुम्ही गेलात.

रोज बाजारातून आल्यावर तुम्ही स्वतःचे हातपाय धुण्याआधी थिनर घेऊन तिला धुवायचात. चहा थंड व्हायचा. पाहुणे बसून राहायचे. आपल्या घरच्या मांजरालाही ठाऊक होतं की गाय धुतल्याशिवाय तुम्ही पाट घेत नाही. आणि मी काय केलं? तिला तशीच शाईसकट खुंटीवरून काढली, तुमच्या फोटोशेजारी पाटावर ठेवली, हळद-कुंकू वाहिलं, हार घातला. तेरा दिवस सकाळ-संध्याकाळ दिवा! आलेल्या बाया म्हणत होत्या, सुनेनं किती केलं बापा. मलाही वाटत होतं की बरंच केलं. आणि आत शाई वाळून दगड होत होती. एवढं साधं कसं सुचलं नाही मला? तुमच्या गाईला फुलं नको होती, थिनर हवं होतं.

चौदाव्या दिवशी, ज्यांच्या पोत्यांवर तुम्ही मार्का मारायचात त्या शेठजींच्या अडतीवर गेले. म्हटलं, मार्का मी मारीन. ते माझ्याकडे पाहतच राहिले. मिरची निवडायला बाया येतात, झाडायला येतात, पण मार्का मारायला? तरी तुमच्या नावाचा मान ठेवून 'हो' म्हणाले.

नळी कडक झाली होती, ती बदलली. बाटली फुटली, ती बदलली. केस दोन दिवस थिनरमध्ये बुडवून कसेबसे मऊ केले. शाई उतरू लागली, पण मार्का काही केल्या स्वच्छ येईना. एका बाजूला शाई जमायची आणि अक्षर सुजायचं. मी तुमच्यासारखी मूठ धरून पाहिली, तुमच्यासारखा अंगठा दाबून पाहिला, तुमच्यासारखं मध्येच खाकरूनही पाहिलं! काही उपयोग नाही.

व्हायचं तेच झालं. इंग्रजी तीनचा आकडा भरून आठ दिसला आणि तीन नंबर लॉटची चाळीस पोती आठ नंबरच्या ट्रकमधून रायपूरला गेली. शेठजी ओरडले असते तर बरं झालं असतं. ते हळू आवाजात म्हणाले, "बेटा, पेंटरबाबाची गोष्ट अलग होती. आता रहने दे. पुढच्या सीझनले मशीन आणू, छापील पट्ट्या लावू."

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "आणा मशीन. पण नव्या सीझनचा पहिला लॉट मी मारीन. एक जरी पोतं बिघडलं, तर मीच तुमची मशीन पुसत बसीन."

बोलून गेले खरी, पण जमणार कसं ते माहीत नव्हतं. तुमचे चिरंजीव मिहानच्या गोदामातली ड्युटी संपवून यायचे आणि मला अंगणात फाटक्या पोत्याशी झटताना पाहून म्हणायचे, "तिकडे सगळं स्टिकरवर चालते. तू काहून डोकं फोडून राहिली?" मी पोतं उलटवून परत मार्का मारायची. एक दिवस चिडून दोन विटा आणल्या, त्यांच्यावर चढून वरून मार्का मारला. आणि आला ना! बराच साफ आला! मी विटांवर उभी राहून पाहतच राहिले, तर हे चपला काढता काढता म्हणाले, "येईनच ना. बाबा किती उंच होते."

मामाजी, तुमचा मुलगा जन्मात एकदा कामाचं बोलला.

मी गाय उचलून डोळ्यांसमोर आडवी धरली. केस एका बाजूला झिजून उतरते झाले होते, पत्र्याच्या छपरासारखे. इतकी वर्षं तुम्ही वरून वाकून मारत होतात, तर ती तुमच्या उंचीची होऊन बसली होती. माझ्या हातात तिचा एकच कोपरा टेकायचा आणि सगळी शाई तिथेच उतरायची. दुसऱ्याला दूध देत नाही म्हणायचात, ते खरंच होतं की! पण त्यात जादू काही नव्हती, आणि माझ्या हातात खोटही नव्हती. नुसते केस झिजले होते. हे तुम्हाला माहीत होतं का? माहीत असून सांगितलं नसेल, तर उद्या पानावर वडे कमी वाढीन. माहीत नसेल, तर मग आज मी तुम्हाला एक गोष्ट शिकवली.

विटा घेऊन बाजारात फिरता येत नाही. म्हणून साच्याची कात्री काढली.

कात्री केसांना लावली आणि परत मागे घेतली. तुमच्या हाताची जी काही खूण या घरात उरली होती, ती त्या झिजलेल्या केसांत होती. ती मी कापायला निघाले होते. प्रांजू शेजारी उभी होती.

"मम्मी, आबाले राग येईन."

"येऊ दे. त्यायचा राग मी पाहून घेतो. तू बॅटरी धर नीट."

रडत रडतच कापले. सरळ, माझ्या उंचीला बेतून. कापलेले केस कागदात बांधून तुमच्या फोटोमागे ठेवले आहेत. उद्या ज्याला पूजा करायची असेल त्यानं त्या पुडीची खुशाल करावी. गाय मात्र यापुढे पाटावर बसणार नाही.

आणि आज, मामाजी, नव्या सीझनचा पहिला लॉट! हैदराबादची दोनशे पोती, लॉट नंबर तीन. मुद्दाम तोच आकडा दिला होता शेठजींनी. मी तुमच्या छातीच्या फिल्मवर कापलेला साचा काढला. उन्हात धरला तर अजून बरगड्या दिसतात. पोत्यावर ठेवला, अंगठा दाबला आणि गाय पान्हवली. मिरचीच्या ठसक्यानं सगळे खोकत होते, हमाल पोती सरकवत होते, आणि मी एकामागून एक मारत गेले. पन्नासाव्या पोत्यानंतर मी मागे वळून पाहणंही सोडलं.

शेठजी चष्मा लावून थप्पीभोवती फिरले. प्रत्येक तीन पाहिला. मग म्हणाले, "अरे वा! हा तर बाबाचाच हात दिसून राहिला."

"नाई शेठजी, बाबाच्या हाताचे केस मी कापून टाकले. हा माहा हात आहे."

त्यांना काही समजलं नाही, पण हसले. "बरं बाई. तुहाच हात. उद्या सुट्टी घे, परवा गुंटूरचा लॉट आहे." जाता जाता मुनीमजींना सांगितलं, मशीनवाल्याला फोन करून नको म्हण. हे मी माझ्या कानांनी ऐकलं.

घरी आले तर नणंदबाई आलेल्या, डाळ भिजत घातलेली, अंगणात चपलांचा ढीग. "वहिनी, कुठं होत्या? लवकर हात धुवा, वड्याचं वाटण राहिलं आहे." मी म्हटलं, दहा मिनिटं थांबा. आणि नळापाशी बसले. बाटली रिकामी केली, नळीतून थिनर सोडलं, केस बोटांनी मोकळे केले. आधी काळं निघालं, मग राखाडी, मग स्वच्छ. चहा आला तो थंड झाला. पाहुणे बसून राहिले. मागून नणंदबाई कोणाला तरी म्हणाल्या, "बाबाचंच खूळ लागलं इले."

प्रांजूला बोलावून शेजारी बसवली. नळी कशी काढायची, केस कसे पिळायचे, किती दाबायचं, सगळं दाखवलं. तिच्या हातून शाई फरशीवर सांडली तर तिथल्या तिथे रागावले आणि काय चुकलं ते सांगितलं. ती फुगून बसली आहे. फुगू दे.

मामाजी, तुम्हाला वचन देते. या घरात लग्न असो की मयत, संध्याकाळी आधी गाय धुतली जाईल, मग बाकी सगळं. प्रांजूलाही बजावून ठेवलं आहे की मी जाईन त्या दिवशीसुद्धा आधी हेच करायचं, रडायचं ते नंतर. आणि त्या वेळी मी विचारलंच, तर तिनं मला खोटं सांगायचं नाही.

तुम्ही विचारलं होतं ना, त्या संध्याकाळी? उत्तर द्यायला मला वर्ष लागलं.

हाव मामाजी. गाय धुतली.

तुमची सून,
मंदा