वाळूला हात लावला नाही

२ मार्च, सकाळी ७.१०
आजपासून फिशटँकची जबाबदारी माझी एकट्याची. हिला तसं सांगितलं. ही बरं म्हणाली.
वर खाऱ्या पाण्याचा मोठा टँक, त्यात मासे आणि प्रवाळ. खाली कपाटात छोटी टाकी, तिला रेफ्युजियम म्हणतात. त्यात पाच इंच वाळू, थोडं शेवाळ आणि डोळ्यांना जेमतेम दिसतील असे किडे. तिथे त्यांना खाणारं कुणी नाही, म्हणून ते वाढतात, पंपाच्या पाण्याबरोबर वर जातात आणि नवरी त्यांना खाते. नवरी म्हणजे निळ्या-केशरी नक्षीची मासोळी. नाव सासऱ्यांनी ठेवलं. जिवंत किड्यांशिवाय ती कशालाही तोंड लावत नाही.
आजारपणापासून सासरे आमच्याकडेच असतात. दिवसभर टँकसमोर बसून चार शब्द बोलतात. तीन नवरीशी. चौथा माझ्याशी: ‘सरका.’

४ मार्च
मीठवाला येऊन गेला. टँकचं मीठ त्याच्याच दुकानातून येतं. म्हणाला, वाळू छान मुरलीय, हात लावू नका. मग मेंटेनन्स काय करायचा, विचारलं. हाच, म्हणाला. माणूस चांगला आहे, पण महत्त्वाकांक्षा नाही.

७ मार्च
लॉगबुक सुरू. निळं पेन रोजच्या नोंदींना, लाल इमर्जन्सीला. पहिली नोंद: वाळूला हात लावला नाही.

८ मार्च
हात लावला नाही.

९ मार्च
लावला नाही. ऑफिसात सांगितलं, घरी एक इकोसिस्टिम सांभाळतो. सांभाळता म्हणजे नेमकं काय करता, असं अकाउंट्सवाल्या बाईंनी विचारलं. दिवसभर तेच डोक्यात.

१४ मार्च
वाळू तळाशी काळी पडलीय. मीठवाल्याला हे दिसलं कसं नाही?

१५ मार्च, सकाळी १०
ही भावाकडे गेलीय. अर्धीच वाळू बाहेर काढली. पिठाच्या चाळणीत घालून नळाखाली खळखळून धुतली. सडक्या अंड्यांचा वास घरभर. म्हणजे घाण होतीच, माझा अंदाज बरोबर. उरलेली अर्धी चमच्याने नीट ढवळून घेतली. सासऱ्यांनी नाकाला रुमाल लावला, पण खुर्ची सोडली नाही. आता वाळू साखरेसारखी पांढरी. फोटो काढला.

दुपारी १
ही आली. वास कसला, विचारलं. शेजारच्यांचा असेल, म्हणालो. चाळण ओली का, विचारलं. मी धुतली, म्हणालो. लग्नानंतर मी पहिल्यांदाच काहीतरी धुतलं होतं, त्यामुळे तिला लगेच संशय आला.

२० मार्च
किडे दिसत नाहीत. स्वच्छ वाळूत रुळायला वेळ लागणारच.

२४ मार्च
नवरीचं पोट आत गेलंय. फिट दिसतेय, असं मी म्हणालो. इंपोर्टेड दाणे टाकले. तिने ढुंकून पाहिलं नाही. सासऱ्यांनीही ताटातलं निम्मं जेवण तसंच ठेवलं.

२५ मार्च
हिने मीठवाल्याला फोन लावून माझ्या हातात दिला. वाळू फ्रेश केल्याचं सांगितलं. तो म्हणाला, काळा थर घाण नव्हता, पाणी तोच साफ ठेवत होता. तो तुम्ही ढवळलात. आणि नळाच्या गोड्या पाण्याने किडे मारलेत. मी म्हणालो, यावर दोन मतं असू शकतात.

२६ मार्च
लाल पेन. नवरी खडकाला टेकून पडून होती. मी बराच वेळ काचेसमोर उभा राहिलो. सासरे ‘सरका’ म्हणाले नाहीत. फार वाईट वाटलं. ती मेली तर या माणसाने बोलायचं कुणाशी?

२७ मार्च
उद्यापासून आठ दिवस ऑफिसची टूर. आणि ती नेमकी आता. हिच्यासाठी बारा पानी सूचना लिहून ठेवल्या.

५ एप्रिल
परतलो. नवरीचं पोट भरलेलं, खडकांतून टुणटुण फिरतेय. काचेवर किडेच किडे. पद्धत पक्की असली की माणूस नसला तरी अडत नाही.
बारा पानं कुठे आहेत, विचारलं. मीठवाला त्याच्या टाकीतली जुनी वाळू दोन डबे भरून घेऊन आला होता, रोज किड्यांची बाटलीही आणत होता. डब्यांखाली फरशी ओली होऊ नये म्हणून हिने ती पानं अंथरली होती. म्हणजे उपयोग झाला.

६ एप्रिल, सकाळी ७.१०
खालचं कपाट उघडायला गेलो. कुलूप.
किल्ली सासऱ्यांच्या खिशात. मागितली. त्यांनी खिसा हाताने दाबून धरला. मग हिला हाक मारून म्हणाले, यांना खुर्ची दे, लांब ठेव.
ही स्वयंपाकघरातून धावत आली. किती महिन्यांनी ते सलग इतकं बोलले होते. तिचे डोळे भरून आले. डोळे पुसत तिने खुर्ची आणली आणि लांब ठेवली.
मी बसलो. शब्द मोजले. पाच. सगळे माझ्याबद्दल.
लॉगबुक भरलं, निळ्या पेनने. वाळूला हात लावला नाही.