खिंड उतरताना १४.९

सोम. ३ नोव्हें.
आजवर या हातांनी केलेलं: बॅटरी चार्जर, भंगारातल्या इन्व्हर्टरच्या ट्रान्सफॉर्मरवर, अकरा वर्षं बिघाड नाही. बॅटरीवर भार टाकून बघायचा टेस्टर, शेगडीच्या कॉइलचा. मीटरच्या सात मीटर लांब वायरी, टोकाला पितळी चिमटे. दुकानाचं टेबल. बायकोच्या, मंगलच्या गिरणीचा स्टार्टर (दोनदा. पहिला जळाला, तोही लिहायला हवा). आणि तळ्याकाठी तंबूंचा कॅम्प चालवणाऱ्या सुमनवहिनींच्या नव्या सात सीटरमधली लाइट-जोडणी. गाडी तळ्याकाठी लावायची, मागचं दार उघडायचं, प्लग घालायचा, बारा तंबू उजळतात. लाल वायर थेट बॅटरीच्या प्लसवर, काळी थेट मायनसवर, मध्ये फ्यूज, वर स्लीव्ह. तांब्याचा एक केस बाहेर दिसणार नाही.
नववी नापास माणसाचं काम आहे. पवनानगरात दुसरा कोणी करून दाखवावं.

गुरु. ६ नोव्हें.
सकाळी वहिनींचा फोन. पाहुण्यांना कामशेत स्टेशनला सोडायचं, आणि गाडी सेल्फ घेईना. टक-टक-टक, बस. एका जीपवाल्याने बॅटरीला बॅटरी लावून चालू करून दिली. पाहुण्यांची गाडी चुकली ती चुकलीच.
तशीच चालू ठेवून दुकानात आणली. मीटर लावलं: १२.७ व्होल्ट. इंजिन चालू असताना! माझा नियम पंचवीस वर्षांचा: चालू गाडीत १३.८ ते १४.४ पाहिजे, खाली असेल तर अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर फिरून बॅटरी भरणारा, गेला. तसं सांगितलं.
वहिनी: "आठ म्हैन्यात? भाऊ, म्हशीचं दुभतं सुद्धा त्याहून जास्त टिकतं."
म्हटलं, नवं-जुनं मीटरला कळत नाही. वॉरंटी आहे, शोरूमला न्या. वॉरंटी नसती तर नेहमीप्रमाणे नवा बसवायला तळेगावच्या बॅटरीवाल्याकडे पाठवलं असतं. माझी सगळी अल्टरनेटरची गिऱ्हाइकं त्याच्याकडेच जातात.

शनि. ८ नोव्हें.
वाईट दिवस. वहिनी शोरूममधून परत. कागदावर लिहिलेलं: अल्टरनेटर ठीक. बाहेरून केलेली जोडणी काढावी.
चहाच्या टपरीवर, पाच-सहा जणांसमोर: "भाऊ, तुमचं नाव सांगितलं मी तितं. पोरं हसली." राग आवाजात नव्हता, म्हणून जास्त लागलं.
मी म्हणालो, वॉरंटी बुडवायला असंच लिहितात. मीटर खोटं बोलत नाही.
वहिनी: "पुढल्या शनवारी चाळीस माणसं हायेत माझ्याकडं. त्या आदी मला सांगा, कोण खोटं बोलतंय. न्हाईतर तुमची वायर काढून टाकते, आन मंग तळ्याकाठी इचारतील त्यांना का काढली तेबी सांगीन."
तळ्याकाठी कॅम्प किती, आणि त्यातल्या किती गाड्यांत माझी जोडणी! माझं नाव या आठवड्यावर आहे.

रवि. ९ नोव्हें.
काय दिवस!!
वहिनींना लोणावळ्याला किराण्याला जायचं होतं. म्हटलं मी येतो, मीटर घेऊन. सात मीटरच्या वायरी बॅटरीपासून बॉनेटच्या रबराखालून, खिडकीतून आत. मीटर मांडीवर, वही गुडघ्यावर.
पवनानगर सोडलं: १२.८. सपाट रस्ता: १२.७, हलायला तयार नाही. दुधिवरे खिंडीचा चढ, दुसरा गिअर: १२.६. मी मनात म्हणतोय, बघा, मेलेला अल्टरनेटर. खिंड ओलांडली, औंढ्याच्या बाजूचा उतार लागला, वहिनींनी पाय उचलला, आणि आकडा पळाला. १३.९. १४.६. १४.९!
मी ओरडलो. वहिनींनी कचकन ब्रेक मारला. "काय झालं? कुत्रं आलं का काय?"
"चौदा पूर्णांक नऊ!"
"भाऊ, क्रिकेट बघताय का काय त्या डबड्यात?"
परत वर नेऊन पुन्हा उतरायला लावलं. पुन्हा १४.९. तिसऱ्यांदा १४.८८. सपाटीवर हेडलाइट लावायला सांगितले: १२.७ वरून १४.१. मेलेला अल्टरनेटर उतारावर जिवंत होत नाही. गाडी मुद्दाम कमी-जास्त करते आहे! चढावर इंजिनाच्या पाठीवर ओझं नको म्हणून सोडून देते, उतारावर फुकटची ताकद बॅटरीत भरून घेते. गाडीच्या शहाणपणाला मी बिघाड म्हणत होतो.
वहिनी चौथ्यांदा वर जायला नाही म्हणाल्या. डिझेल माझं का तुमचं, वगैरे. किराणा राहिला अर्धा.

सोम. १० नोव्हें.
दुकान बंद ठेवलं. मंगल: "अवो, सण हाय का काय आज?" व्हय म्हटलं, आहे.
अल्टरनेटर चांगला, तर मग बॅटरी उतरली कशाने? गाडीचं पुस्तक मागून आणलंय. इंग्रजी. शब्द-शब्द मोबाइलवर अर्थ बघत. मायनसच्या क्लॅम्पवर काळा चौकोनी ठोकळा आहे, बारीक वायर असलेला. आठ महिन्यांपूर्वी जोडणी करताना पाहिला होता, नुसतं झाकण समजून बाजूला सारला होता. तो बॅटरीत आलेला-गेलेला करंट मोजतो, गाडीचा कॉम्प्युटर त्याच्यावर ठरवतो किती भरायचं. पुस्तकात स्पष्ट: बाहेरच्या जोडणीची काळी वायर बॉडीला लावा, बॅटरीच्या मायनसला नको.
दोन तास तसाच बसलो. मग उमगलं. वहिनींच्या कॅम्पच्या फाटकावर पाहुणे मोजतात. आता वीस जण तळ्यातून होडीने येऊन मागून शिरले, तर फाटकावरच्या माणसाच्या हिशेबात ते नाहीत, आणि भात मात्र संपला. माझी काळी वायर म्हणजे ती होडी. तंबूंचे दिवे रोज बॅटरी खात होते आणि ठोकळ्याला पत्ता नाही. तो म्हणतोय भरलेली आहे, भरायचं काय.
शोरूमची पोरं बरोबर होती. का ते त्यांनी सांगितलं नाही, पण बरोबर होती.
इतका आनंद आणि इतकी लाज एकाच दुपारी. मंगलला कागदावर काढून दाखवलं. म्हणाली, "म्हंजी चूक तुमची." हो. पण काय सुंदर चूक आहे!

मंगळ. ११ नोव्हें.
कॅम्पवर जाऊन वहिनींना सांगितलं. तयारी करून गेलो होतो, तोंडातून एकच वाक्य निघालं: "खोटं मी बोलत होतो."
वहिनी भाकरी थापत होत्या. थांबल्या नाहीत. "ठाव हुतं मला."
"कसं?"
"खिंडीत तुमी वरडलात तवा. माणूस स्वतःचं खरं ठरल्यावर तसं न्हाई वरडत."
काळी वायर मायनसवरून काढून बॉडीच्या बोल्टला. रंग खरवडून, वायरीच्या टोकाला कडी दाबून, वर ग्रीस. दहा मिनिटं. वायरीत अर्धा मीटरसुद्धा वाढ नाही. आठ महिने वाया, दहा मिनिटांसाठी.
बॅटरी दिवसभर माझ्या चार्जरवर. मग गाडी लॉक करून चार तास हात लावायचा नाही. दार उघडलं की गाडी जागी होते, आकडा खोटा येतो (हेही आता कळलं, इतकी वर्षं बॉनेट उघडल्या उघडल्या मीटर टेकवत होतो). मीटरच्या वायरी आधीच बॉनेटबाहेर काढून ठेवल्या होत्या. १२.५८.
भरलेल्या बॅटरीला १२.७ हवे होते. आठ महिने अर्धपोटी राहिलेली बॅटरी आहे.
वहिनी: "चाळीस माणसांना पुरंल?"
माहीत नाही म्हणालो. हे वाक्य मी गिऱ्हाइकाला पहिल्यांदाच म्हणालो असेन.

बुध. १२ नोव्हें.
जुन्या वह्या काढल्या. चालू गाडीत १२.७ बघून अल्टरनेटर बदलायला सांगितलेल्या नव्या गाड्या: तीन. औंढ्याची पांढरी, कामशेतची पिकअप, पवनानगरातली निळी. जुने अल्टरनेटर बहुधा धडधाकट होते, भंगारात गेले.
मंगल: "सांगनार?"
सांगणार. माझी जोडणी असलेल्या नऊ गाड्यांची काळी वायरही हलवायची. फुकट.
दुकानाबाहेर पाटी रंगवली, अक्षरं माझीच: नव्या गाडीत चालू इंजिनला १२.७ म्हणजे बिघाड नव्हे. आधी उतारावर बघा.
लोक थांबून वाचतात. एकाने विचारलं, उतार कुठला. दुधिवरे म्हटलं.

गुरु. १३ नोव्हें.
औंढ्याच्या पांढऱ्या गाडीवाल्याला सांगून आलो. त्याने ऐकून घेतलं, चहा दिला, शेवटी म्हणाला, "आमचे आबा असते तर त्यांनी तुमाला हाकललं असतं. मी विचार करतो." कसला विचार ते बोलला नाही. पिकअपवाला फोन उचलत नाही.
नऊपैकी चार काळ्या वायरी हलवून झाल्या. प्रत्येकाला ठोकळा बोट लावून दाखवतो. आवाज चढतो माझा, मंगल म्हणते कीर्तन करता.

शुक्र. १४ नोव्हें.
वहिनींच्या बॅटरीचा सकाळचा आकडा १२.६१. चढतोय! उद्या चाळीस माणसं. पुरेल की नाही, सकाळीच कळेल.
दुपारी तळेगावचा बॅटरीवाला आला, स्वतः, दोन किलो पेढे घेऊन. पाटी दोनदा वाचली. म्हणाला, "हे काय लिहिलंयस? तू कुणाला खोटं सांगू नकोस. मीटर लाव, बारा-सात गिऱ्हाइकाला दाखव आणि गप्प बस. पुढचं मी बघतो. फक्त ही पाटी आत घे."
आकडा खराच असणार, बोलायचं काहीच नाही, आणि तरी गिऱ्हाईक फसणार. हेच डोक्यात फिरत राहिलं.
मग निळ्या गाडीवाल्याकडे जायला निघालो, तो घरी असतो साडेपाचनंतर. बॅटरीवाल्याला पेढ्यांसकट गाडीपर्यंत सोडलं. पाटी आत घेण्याचे तो देत होता महिना अठरा हजार. नको म्हणालो.